ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल एपीआय : डॉक्युमेंटेशनमधील २०२५ चे बदल
राजाजीनगर (बेंगळुरू) येथील लघुउद्योग आणि त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना उपयुक्त माहिती

तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून बिल निघते, त्यावर क्यूआर कोड छापला जातो आणि माल गेटबाहेर पडतो. मधल्या काही सेकंदांत तुमचे सॉफ्टवेअर सरकारी पोर्टलशी बोलून आलेले असते. हे बोलणे ज्या नियमांनी चालते, ते एपीआयच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेले असतात : कोणती माहिती, कोणत्या क्रमाने, किती अक्षरांत पाठवायची आणि पोर्टल ती कधी नाकारणार.

कायद्यातला बदल अधिसूचनेने होतो, त्याची बातमी येते, कर सल्लागार फोन करून सांगतो. डॉक्युमेंटेशनमधला बदल असा गाजावाजा करत येत नाही. पोर्टलवर एक सूचना लागते, चाचणीच्या संचात एक ओळ बदलते आणि ठरलेल्या तारखेपासून कालपर्यंत निघणारे बिल निघेनासे होते. ट्रक भरून उभा असताना हे कळले, तर त्या दिवशी करण्यासारखे फार थोडे उरते. २०२५ मध्ये असे पाच-सहा बदल झाले. ते काय आहेत, कोणाला लागू होतात आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काय तपासायचे, ते येथे दिले आहे.

हे कोणाला लागू होते

२०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका आर्थिक वर्षात तुमची एकूण उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर गेली असेल, तर दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या प्रत्येक करपात्र बिलासाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. निर्यातीची बिले, क्रेडिट नोट आणि डेबिट नोटही यात येतात. थेट ग्राहकाला दिलेले किरकोळ बिल यात येत नाही.

ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली. १ ऑक्टोबर २०२० रोजी ती ५०० कोटी होती. मग १०० कोटी, ५० कोटी, २० कोटी, १० कोटी असे करत १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आली. म्हणजे जी यंत्रणा मोठ्या कंपन्यांच्या संगणक विभागांना डोळ्यांसमोर ठेवून सुरू झाली, ती आता राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या वीस माणसांच्या कारखान्यापर्यंत पोहोचली आहे. तिथे संगणक विभाग नसतो. एक हिशेबनीस असतो आणि महिन्यातून एकदा येणारा सॉफ्टवेअरवाला असतो.

उलाढाल मोजताना एक गोष्ट हमखास चुकते. ती नोंदणीनुसार मोजत नाहीत, पॅननुसार मोजतात. राजाजीनगरला एक युनिट आणि कोल्हापूरला एक गोदाम एकाच पॅनवर असेल, तर दोन्ही राज्यांतली उलाढाल मिळून ५ कोटी धरायची. शिवाय मर्यादा एकदा ओलांडली की पुढच्या वर्षी धंदा मंदावला म्हणून सुटका होत नाही. बँका, विमा कंपन्या, सेझमधील युनिट, सरकारी विभाग आणि मालवाहतूक करणाऱ्या एजन्सी यांना मात्र सूट आहे.

ई-वे बिल ही वेगळी गोष्ट आहे. तिथे उलाढालीचा संबंध नाही. ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल हलवायचा असेल तर ते लागतेच.

यंत्रणा थोडक्यात

तुम्ही बनवलेले बिल जेसन या ठरावीक मांडणीत नोंदणी पोर्टलकडे जाते. पोर्टल ते तपासते, त्याला ६४ अक्षरांचा आयआरएन देते, त्यावर डिजिटल सही करते आणि क्यूआर कोडसह परत पाठवते. अशी सहा पोर्टल आहेत. त्यांपैकी दोन राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची आहेत आणि चार खासगी कंपन्यांची आहेत. खाली दिलेले इनव्हॉइसचे नियम सगळ्यांना सारखेच आहेत. त्यामुळे ‘आम्ही दुसऱ्या पोर्टलवर आहोत, आम्हाला लागू नाही’ असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नका.

बेंगळुरूच्या वाचकांना हे माहीत असायला हरकत नाही, की या कामाचा बराचसा भाग याच शहरात घडला आहे. व्हॅटच्या काळात कर्नाटकात ई-सुगम नावाची ऑनलाइन वाहतूक-परवाना पद्धत होती. त्या अनुभवावर एनआयसीच्या कर्नाटक पथकाने ई-वे बिल प्रणाली उभारली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ती सर्वांत आधी कर्नाटकात सुरू झाली. देशभरात १ फेब्रुवारी २०१८ ला सुरू करायचा पहिला प्रयत्न फसला. भार न पेलल्याने पोर्टल बंद पडले आणि तारीख १ एप्रिल २०१८ पर्यंत पुढे गेली. आज नवा नियम आधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीच्या पोर्टलवर ठेवून मग प्रत्यक्षात लागू करतात. विकसकाला तेवढा वेळ मिळतो, फक्त त्याने तिकडे पाहायला हवे.

इनव्हॉइस क्रमांकातील लहान-मोठी अक्षरे : १ जून २०२५ पासून

वरवर पाहता हा सर्वांत किरकोळ बदल, पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकणारा. इनव्हॉइसच्या क्रमांकात इंग्रजी अक्षरे असतील, तर पोर्टल आता लहान आणि मोठ्या लिपीत फरक करत नाही. क्रमांक कसाही पाठवा, आयआरएन बनवण्याआधी पोर्टल तो मोठ्या लिपीत बदलून घेते. जीएसटीआर-१ विवरणपत्रात हा फरक आधीपासूनच धरला जात नव्हता. आता दोन्हीकडे एकच रीत झाली.

याचा पहिला परिणाम बिलांच्या मालिकेवर होतो. काही कारखान्यांत दोन काउंटरना वेगळे ठेवण्यासाठी एकाला मोठ्या लिपीतली ‘आर’ मालिका आणि दुसऱ्याला लहान लिपीतली ‘आर’ मालिका दिलेली असते. माणसाच्या डोळ्याला फरक दिसतो, पण पोर्टलला आता दोन्हींचा १०१ क्रमांक एकच दिसतो. पहिल्या काउंटरचे बिल आधी गेले असेल तर दुसऱ्याचे ‘दुबार’ म्हणून परत येईल. उपाय सोपा आहे : एका मालिकेचे अक्षरच बदला. एका आर्थिक वर्षात एकापेक्षा जास्त मालिका चालवायला कायद्याची ना नाही. प्रत्येक क्रमांक वेगळा आणि १६ अक्षरांच्या आत असला की झाले. क्रमांकात अक्षरे, अंक, तिरकी रेघ आणि आडवी रेघ एवढेच चालते. सुरुवात शून्याने किंवा रेघेने करता येत नाही.

दुसरा परिणाम आत खोलवर आहे. आयआरएन हा विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवजाचा क्रमांक या चार गोष्टींवरून शा-२५६ या गणिती पद्धतीने काढलेला हॅश असतो. काही सॉफ्टवेअर तो स्वतःही काढून ठेवतात आणि पोर्टलच्या उत्तराशी जुळवून पाहतात. अशा हॅशमध्ये एक अक्षर लहानाचे मोठे झाले तरी सगळे ६४ अक्षरांचे उत्तर बदलते. सॉफ्टवेअरने लहान लिपीतला क्रमांक धरून हॅश काढला आणि पोर्टलने मोठ्या लिपीतला धरून काढला, की दोन्ही जुळत नाहीत. मग बिल प्रत्यक्षात यशस्वीपणे नोंदले जाऊनही तुमच्या पडद्यावर ‘अयशस्वी’ असे दिसू शकते. हिशेबनीस पुन्हा पाठवतो, ‘दुबार’ असे उत्तर येते, मग तो क्रमांक बदलून नवे बिल काढतो. एकाच मालाची दोन बिले पोर्टलवर गेली. महिन्याअखेर विवरणपत्रात कर दुप्पट दिसतो आणि समोरच्या खरेदीदाराकडेही दोन नोंदी दिसतात.

विकसकांनी क्रमांक साठवण्याच्या ठिकाणीच तो मोठ्या लिपीत बदलून ठेवावा, पाठवताना नव्हे. नाहीतर छापील बिलावर एक रूप आणि क्यूआर कोडमध्ये दुसरे रूप असे होते, आणि खरेदीदाराच्या स्टोअरमधला माणूस बिल परत पाठवतो. १ जूनच्या आधीच्या बिलांचे आयआरएन आहेत तसेच राहू द्यावेत. सगळा जुना साठा नव्या पद्धतीने ‘दुरुस्त’ करणारी स्क्रिप्ट चालवू नये.

तीस दिवसांची मुदत : १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींच्या वर

आधी ही मुदत १०० कोटी आणि त्याहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना होती. १ एप्रिल २०२५ पासून ती १० कोटी आणि त्याहून अधिक उलाढालीला लागू झाली. १ एप्रिलच्या तारखेचे बिल ३० एप्रिलनंतर पोर्टल स्वीकारत नाही. क्रेडिट आणि डेबिट नोटनाही तेच. ही अट पोर्टलमध्येच बसवलेली आहे. विनंती करून, दंड भरून किंवा अधिकाऱ्याला भेटून ती उघडत नाही.

आयआरएन नसलेले बिल, जिथे ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे तिथे, कायद्याने बिलच मानले जात नाही. खरेदीदाराला त्यावर कराचे क्रेडिट मिळण्यात अडचण येते. म्हणून मोठे खरेदीदार असे बिल पाहिले की पैसे थांबवतात. लघुउद्योगासाठी खरा फटका दंडापेक्षा हा आहे : माल जाऊन दोन महिने झालेले असतात, आणि पैसे एका क्रमांकासाठी अडतात.

५ ते १० कोटींच्या मधले उद्योग ‘आम्हाला मुदत नाही’ असे समजतात. पोर्टलची मुदत त्यांना नाही हे खरे. पण माल विकला असेल तर तो हलवण्याच्या वेळी किंवा त्याआधी बिल द्यायचे असते, आणि आयआरएनशिवाय ते बिल नाही. त्यामुळे त्यांच्यासाठीही रोजच्या रोज नोंदणी हाच मार्ग आहे.

सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एक साधी यादी हवी : बिल बनले, पण आयआरएन आला नाही. ती दररोज सकाळी आपोआप दिसली पाहिजे, आणि सातव्या, पंधराव्या व पंचविसाव्या दिवशी मालकाला संदेश गेला पाहिजे. इंटरनेट गेले म्हणून अडकून पडलेली चार बिले बहुधा अशाच यादीत सापडतात. मुदत उलटून गेलीच असेल, तर पुढे काय करायचे ते कर सल्लागाराने पुरवठ्याची तारीख पाहून ठरवावे. सॉफ्टवेअरवाल्याच्या सांगण्यावरून तारीख बदलून बिल काढू नका.

लॉगिनसाठी दोन पायऱ्या

एनआयसीच्या ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस पोर्टलवर आता पासवर्डसोबत ओटीपी लागतो. २० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना १ जानेवारी २०२५ पासून, ५ कोटींच्या वर १ फेब्रुवारीपासून आणि उरलेल्या सर्वांना १ एप्रिल २०२५ पासून. ओटीपी एसएमएसने, संदेश अॅपवर किंवा एनआयसीच्या जीएसटी शील्ड अॅपवर मिळतो.

एकाच मोबाइलवर सगळी मदार ठेवू नका. नोंदणीत मालकाचा नंबर असतो, मालक गणपतीला गावी गेलेले असतात आणि हिशेबनीस राजाजीनगरात ओटीपीची वाट पाहत बसतो. पोर्टलवर उप-वापरकर्ते तयार करता येतात. प्रत्येकाला स्वतःचा मोबाइल नंबर आणि तेवढेच अधिकार द्या, जेवढे त्याच्या कामाला लागतात. तो माणूस नोकरी सोडून गेला की त्याचे खाते त्याच दिवशी बंद करा.

एपीआयसाठीचा वापरकर्ता आणि पासवर्ड हा पोर्टलच्या लॉगिनपेक्षा वेगळा असतो आणि तो पोर्टलवर जाऊन तयार करावा लागतो. तो तयार करणाऱ्याकडे ओटीपीचा फोन असणे आता अपरिहार्य आहे. सॉफ्टवेअर बदलताना हे आधी लक्षात घ्या.

ई-वे बिल : १८० दिवस, ३६० दिवस आणि जॉबवर्क

१ जानेवारी २०२५ पासून ज्या बिलावर किंवा चलानावर ई-वे बिल काढायचे, ते १८० दिवसांपेक्षा जुने असेल तर पोर्टल नकार देते. एकदा काढलेल्या ई-वे बिलाची मुदत वाढवता येते, पण मूळ दिवसापासून ३६० दिवसांपर्यंतच.

व्यापाऱ्याला याचे फारसे काही वाटणार नाही. सहा महिन्यांपूर्वीच्या बिलावर माल कोण पाठवतो? राजाजीनगरसारख्या ठिकाणी मात्र हा नियम थेट रोजच्या कामाला भिडतो. इथल्या अनेक शेडमध्ये स्वतःचा माल बनत नाही, दुसऱ्याच्या मालावर काम होते. मशिनिंग, ग्राइंडिंग, प्लेटिंग, डायचे काम. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून कास्टिंग येते, इथे त्यावर काम होते आणि ते परत जाते.

जॉबवर्कला गेलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा, असे कायदा सांगतो. भांडवली वस्तूंसाठी ही मुदत तीन वर्षे आहे. साचे, डाय, जिग आणि फिक्स्चरना ती मुदतच नाही. आता दोन्ही नियम शेजारी ठेवून पाहा. आठ महिन्यांनी काम पूर्ण झाले. जॉबवर्कच्या मुदतीत तुम्ही आहात. पण मूळ चलानाचा क्रमांक आणि तारीख टाकून परतीचे ई-वे बिल काढू गेलात, तर पोर्टल ते नाकारेल, कारण चलान १८० दिवसांहून जुने आहे. उत्तर असे : परतीच्या दिवशी तुमचा स्वतःचा नवा डिलिव्हरी चलान काढा, त्यात मूळ चलानाचा क्रमांक व तारीख लिहा आणि ई-वे बिल नव्या चलानावर काढा. माल तुकड्यातुकड्याने परत जात असेल तर नवा चलान तसाही लागतोच.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘जॉबवर्क परत’ या बटणाखाली मूळ चलानाची तारीख आपोआप भरली जात असेल, तर ती सोय आता अडथळा झाली आहे. विकसकाला ती बदलायला सांगा.

आणखी एक बाब : माल देणारा एका राज्यात आणि जॉबवर्क करणारा दुसऱ्या राज्यात असेल, तर किंमत ५०,००० रुपयांपेक्षा कमी असली तरी ई-वे बिल लागते. पाच हजारांची चार कास्टिंग आहेत म्हणून ती तशीच बसच्या डिकीत टाकून पाठवू नका. ई-वे बिलाशिवाय माल पकडला गेला, तर मालक पुढे आल्यावरही करपात्र मालावर कराच्या २०० टक्के दंड भरल्याशिवाय माल सोडवता येत नाही.

ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरतात, आणि शिल्लक अंतरालाही पूर्ण दिवस मिळतो. बेंगळुरूहून पुण्याला सुमारे ८४० किलोमीटर पडतात, म्हणजे पाच दिवस.

१ जुलै २०२५ पासून ई-वे बिलाचे दुसरे पोर्टलही सुरू झाले. दोन्ही पोर्टलवरची माहिती काही सेकंदांत एकमेकांकडे जाते. पहिल्यावर भाग-अ भरला आणि ते बंद पडले, तर दुसऱ्यावर जाऊन गाडीचा नंबर टाकता येतो, मुदत वाढवता येते, प्रिंट काढता येते. याचीही एपीआय आहेत. ती आधी चाचणीसाठी सँडबॉक्समध्ये ठेवली गेली. तुमचे सॉफ्टवेअर एकाच पत्त्यावर जाऊन थांबत असेल, तर दुसरा पत्ता जोडणे हे आता ऐच्छिक सजावटीचे काम राहिलेले नाही.

नवे दर : २२ सप्टेंबर २०२५

३ सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या जीएसटी परिषदेनंतर बहुतांश वस्तूंचे दर ५ आणि १८ टक्के या दोन टप्प्यांत आले आणि निवडक वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा टप्पा आला. दरांच्या आणि एचएसएन कोडच्या मास्टर याद्या डॉक्युमेंटेशनचाच भाग असतात, आणि तुमच्या सॉफ्टवेअरमधली यादी त्यांच्याशी जुळती हवी. ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर एचएसएन किमान सहा अंकी लागतो.

जुने १२ आणि २८ टक्के हे दर सॉफ्टवेअरमधून पुसून टाकू नका. २२ सप्टेंबरच्या आधी विकलेला आणि बिल झालेला माल नंतर परत आला, तर त्याची क्रेडिट नोट त्या बिलाच्या दरानेच निघते. दराला ‘कधीपासून कधीपर्यंत’ अशी तारीख जोडणे हीच योग्य रचना. ज्यांनी घाईत फक्त आकडा बदलला, त्यांना ही अडचण मालाच्या पहिल्याच परतीला आली असणार.

नेहमी दिसणाऱ्या तीन चुका

चूक क्रमांक २१५० म्हणजे हे बिल आधीच नोंदले गेले आहे. घाबरू नका आणि क्रमांकही बदलू नका. पोर्टल त्या उत्तरातच आधीचा आयआरएन, पावती क्रमांक आणि तारीख पाठवते. चांगले सॉफ्टवेअर तो आयआरएन उचलून बिलावर बसवते. वाईट सॉफ्टवेअर लाल पट्टी दाखवून थांबते.

चूक क्रमांक २१७२ म्हणजे व्यवहार राज्यातला आहे, आणि तुम्ही त्यावर आयजीएसटी लावला आहे. मराठी व्यापाऱ्यांच्या बाबतीत ही चूक एका विशिष्ट ठिकाणी होते. बेळगाव आणि कोल्हापूर यांच्यात दोन-अडीच तासांचे अंतर आहे, बोलणे-चालणे एक, बऱ्याचदा व्यापारी घराणेही एकच. पण पोर्टलसाठी बेळगाव म्हणजे राज्य कोड २९ आणि कोल्हापूर म्हणजे २७. राजाजीनगरहून बेळगावला माल गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, कोल्हापूरला गेला तर आयजीएसटी. इथवर सोपे आहे. अवघड प्रकार असा : कोल्हापूरचा व्यापारी तुमच्याकडून माल घेतो आणि सांगतो, ‘माल थेट बेळगावच्या माझ्या ग्राहकाला पाठवा.’ गाडी कर्नाटकाबाहेर जातच नाही. तरीही बिल कोल्हापूरच्या नावाने असल्याने पुरवठ्याचे ठिकाण महाराष्ट्र धरले जाते आणि आयजीएसटी लागतो. सॉफ्टवेअर जर माल उतरण्याच्या पत्त्यावरून कर ठरवत असेल तर ते चुकते. ‘बिल कोणाला’ आणि ‘माल कोणाला’ हे दोन वेगळे रकाने हवेत आणि पुरवठ्याचे ठिकाण वेगळे ठरवता आले पाहिजे.

चूक क्रमांक ३०२८ म्हणजे खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक इनव्हॉइस प्रणालीत सापडत नाही. नव्याने नोंदणी झालेल्या ग्राहकांबाबत हे होते. मुख्य जीएसटी पोर्टलवरून तो क्रमांक ताजा करून घेणारे वेगळे एपीआय डॉक्युमेंटेशनमध्ये दिलेले आहे. ते एकदा चालवले की बहुधा काम होते.

रद्द करण्याबाबत : आयआरएन २४ तासांच्या आतच रद्द होतो, आणि त्यावर चालू ई-वे बिल असेल तर आधी ते रद्द करावे लागते. रद्द केलेल्या बिलाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. २४ तासांनंतर क्रेडिट नोट हाच मार्ग.

सॉफ्टवेअर देणाऱ्याला काय विचारावे

देखभालीचा वार्षिक करार करताना ‘जीएसटीचे अपडेट मोफत’ एवढीच ओळ असते. तिचा अर्थ विचारून घ्या. डॉक्युमेंटेशनमधील बदल कोण वाचतो? बदल आधी सँडबॉक्समध्ये तपासला जातो का, की थेट तुमच्या खऱ्या बिलांवर? लागू होण्याच्या तारखेच्या किती दिवस आधी तुमच्याकडे अपडेट येतो? पोर्टलने सही करून पाठवलेले मूळ जेसन कुठे साठवले जाते? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. पोर्टल ही माहिती कायम जपून ठेवत नाही, आणि हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवण्याची जबाबदारी तुमची आहे. सॉफ्टवेअर बदलले आणि जुन्या कंपनीकडे साठा राहिला, तर चौकशीच्या वेळी हात रिकामे राहतात.

उत्तरे लेखी घ्या. ती देणारा छोटा विकसक असेल तर त्याला अडवण्यासाठी नव्हे. बऱ्याचदा तोच एकटा पंधरा कारखान्यांची कामे पाहत असतो, आणि त्यालाही कोणते बदल करायचे याची यादी हवी असते. हे पान त्याला दाखवा.

सॉफ्टवेअर अजिबात नको असेल, तर एनआयसीचे एक्सेलवर चालणारे जीईपीपी हे मोफत साधन आहे. महिन्याला तीस-चाळीस बिले असतील तर ते पुरते. वर दिलेल्या मुदती आणि क्रमांकाचे नियम त्यालाही लागू आहेत.

मदत कुठे मिळेल

पोर्टलच्या अडचणींसाठी जीएसटी मदत केंद्राचा टोल-फ्री क्रमांक १८००-१०३-४७८६ आहे. फोन करण्यापूर्वी चूक क्रमांक, तारीख-वेळ आणि पाठवलेले जेसन जवळ ठेवा. पडद्याचा नुसता फोटो पुरत नाही. एपीआयच्या तांत्रिक प्रश्नांसाठी एनआयसीच्या सँडबॉक्स पोर्टलवर वेगळा संपर्क दिलेला आहे.

केंद्र सरकारचे एमएसएमई विकास व सुविधा कार्यालय राजाजीनगर औद्योगिक वसाहतीतच आहे. उद्यम नोंदणी, योजना आणि प्रशिक्षण यांची चौकशी तिथे करता येते. आयआरएन अडकला असेल तर मात्र तिथे खेटे घालू नका, तो विषय त्यांच्याकडे येत नाही. कर किती आणि कोणता लागतो, याचा निर्णय तुमच्या कर सल्लागाराकडून घ्या.